मोठ्यांचा वर्ग

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या नरडाणा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



काल रात्रीच्या बसने मुंबईहून निघाले. धुळे आलं तेव्हा उजाडत होतं. सोनगीर मागे पडलं आणि मी पिशव्या आवरायला लागले. शेजारच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "आखाजीले चालनी का माहेरले?" म्हटलं, आखाजीला नाही आजी, शाळेत चाललेय. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि मग थेट खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पस्तीस वर्षांनी शाळेत येणाऱ्या बाईकडे लोक असंच बघणार. मला मात्र त्या नजरेची सवय आहे, कारण माझी सगळी नोकरी अशाच माणसांमध्ये गेली. कुणी चाळिशीत शाळेत चाललेलं, कुणी दप्तर पिशवीत लपवून नेणारं. संयोजकांनी फोनवर सांगितलं, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तुझ्या कामाबद्दल बोल. तुझ्याहून वयाने मोठी माणसं समोर बसली की वर्ग ताब्यात कसा ठेवायचा, ते सांग." विचारण्यामागे कारण आहे. आपल्यातला एकजण इथल्याच एमआयडीसीत नव्या कामगारांना मशीनवर शिकवतो. दोघीजणी अंगणवाडीच्या सेविकांचे वर्ग घेतात. आणि ‘उल्लास’च्या साक्षरता वर्गात तर आपले कितीतरी शिक्षक मित्र गुंतलेत. सगळ्यांची तक्रार एकच : मोठी माणसं ऐकत नाहीत.

मी वीस वर्षं मुंबईच्या एका रात्रशाळेत गणित शिकवलं. पहिलं वर्ष मी दोन प्रकारांनी वाया घालवलं. आज मुख्यतः त्या वर्षाबद्दलच सांगणार आहे, कारण पुढची एकोणीस वर्षं त्यातून निघाली.

जून १९९७. मी चोवीस वर्षांची. धुळ्याला बी.एस्सी., मग बी.एड., मग लग्न होऊन लालबागला. गिरण्यांचे भोंगे जवळजवळ बंद झाले होते, चिमण्या नुसत्या उभ्या होत्या. शाळेची इमारत महापालिकेच्या प्राथमिक शाळेची. दिवसा तिथे पहिली-दुसरीची पोरं बसायची, संध्याकाळी साडेसहाला आमचे विद्यार्थी यायचे. बाकं तीच. चाळीस वर्षांचा माणूस त्या बाकात बसला की त्याचे गुडघे छातीशी यायचे. भिंतीवर ‘अननस’ आणि ‘आगगाडी’ची चित्रं, आणि फळ्यावर मी लिहिणार बीजगणित.

पटावर चौतीसजण. एक मुलगा झुणका-भाकर केंद्रावर भाकरी थापायचा. तेव्हा ती एक रुपयाची केंद्रं नवी नवी होती. एकजण डबे पोचवणारा, एक टॅक्सीवाला, दोघं कुरिअरची पोरं. एक बाई सहा घरी पोळ्या करायच्या, वय अडतीस. आणि एक पूर्वीचे बदली कामगार. ब्याऐंशीच्या संपात गिरणीतलं काम सुटलं, मग ते एका खाजगी रुग्णालयाच्या दारावर ठेकेदाराचे रखवालदार झाले. वय चव्वेचाळीस. वर्गातली पोरं त्यांना ‘काका’ म्हणत, म्हणून मीही काका म्हणू लागले. या बाई आणि हे काका लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर टॅक्सीवाल्याने मला विचारलं, "कुठल्या वर्गात जायचंय? इथं दहावी बसते." त्याला मी नवी विद्यार्थिनी वाटले. सगळे हसले. माझे कान तापले. आणि मी ठरवलं, यांना दाखवतेच.

आता मला वर्ग माहीत होता तो एकच, आपला, याच इमारतीतला. सर आले की ताडकन उभं राहायचं. उशिरा आलेला दाराबाहेर. गृहपाठ नसेल तर हात पुढे. सर, आपण समोर बसला आहात म्हणून छडीबद्दल जास्त बोलत नाही, पण मागच्या बाकावरचे दोघे आत्ताच तळहात चोळतायत. मी छडी सोडून बाकी सगळं तिथे नेलं. माझ्या घरी अहिराणीत बापालाही ‘तू’ म्हणतात, पण वर्गात मी अगदी पुस्तकी भाषेत बोलायचे, आवाज चढवून. माणूस घाबरलेला असला की त्याची भाषा फार शुद्ध होते.

दुसऱ्या आठवड्यात पोळ्या करणाऱ्या बाई दहा मिनिटं उशिरा आल्या. मी म्हटलं, "बाहेर थांबा, तास संपला की आत या." त्या थांबल्या. व्हरांड्यातून आठवी-नववीची पोरं जात-येत होती, ती बघत होती. तास संपला, मी दाराकडे पाहिलं तर बाई नव्हत्या. आठ दिवस आल्याच नाहीत.

नवव्या दिवशी मी त्यांच्या चाळीत गेले. त्यांनी पाट दिला, चहा केला. रागावल्या नव्हत्या. साध्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एका घरची मालकीण पोळ्या कमी पडल्या की दारात उभं करते. तुम्हीपण दारात उभं केलंत. तिथं मला पगार मिळतो म्हणून मी उभी राहते." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

उठताना मी म्हटलं, "मावशी, उद्या या." तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "येते. पण मावशी नका म्हणू. मुंबईत मावशी म्हणजे कामवाली."

मुंबईत राहणारे हात वर करा. खरं आहे की नाही? मी त्या शब्दात माया घालत होते, त्यांना त्यात खरकटी भांडी दिसत होती. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना त्यांच्या नावाने, पुढे ‘ताई’ लावून हाक मारली. त्या आल्या, वर्ष पूर्ण केलं. पण त्या आठ दिवसांनी मी इतकी दचकले की दुसऱ्या टोकाला गेले. ही माझी दुसरी चूक, आणि ती जास्त महागात पडली.

आता मी कुणालाच काही बोलेना. विशेषतः मोठ्यांना. काका पाऊण तास उशिरा आले, तर ‘बसा काका, रात्रपाळी असते तुम्हाला’. वही आणली नाही, ‘असू दे काका’. चाचणीत भूमितीचे प्रश्न सोडले, ‘बघू नंतर’. लहान पोरांना मात्र रागवायचे. झुणका-भाकरवाल्याने एकदा कंपास आणला नाही म्हणून त्याला अर्धा तास सुनावलं होतं. काका मान खाली घालून लिहीत राहायचे. मला वाटायचं, मी त्यांच्या वयाचा मान राखतेय.

रुग्णालयात त्यांना सांगितलं होतं, दहावी झालात तर जूनमध्ये कायमच्या जागेवर घेऊ. मला हे माहीत होतं.

मार्च १९९८ ची परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. काका गणितात नापास, नऊ गुणांनी. बाकी सगळे विषय निघाले होते. गुणपत्रिका घ्यायला आले, ती घडी करून खिशात ठेवली, आणि जाता जाता दारात थांबले.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका. तुम्ही त्या भाकरीवाल्या पोराला वही नसली की ओरडायचात. मला एकदाही नाही ओरडलात. मला वाटायचं, माझं बरं चाललंय."

मला उत्तर सुचलं नाही. सव्वीस वर्षं झाली, अजून सुचलेलं नाही.

घरी येऊन मी त्यांच्या चाचण्यांचे कागद काढले. ऑक्टोबरपासून एकच चूक होती. समीकरणात संख्या बाजू बदलताना चिन्ह बदलायचं ते विसरत होते. दर कागदावर तेच. दहा मिनिटं शेजारी बसून, ‘काका, हे असं चालणार नाही, उद्या अशी वीस गणितं करून आणा, नाहीतर मी पुढचं शिकवणार नाही’ असं ठणकावलं असतं तर नऊ गुण कुठे जात होते? पण ठणकावण्यासाठी समोरच्याला हे येणार असं आधी आपल्याला वाटावं लागतं. झुणका-भाकरवाल्याला येणार असं मला वाटत होतं, म्हणून मी ओरडत होते. काकांच्या बाबतीत मी मनातल्या मनात केव्हाच निकाल लावून टाकला होता. त्याला मी मान म्हणत होते.

काकांनी ऑक्टोबरला पुन्हा फॉर्म भरला. त्या चार महिन्यांत मी त्यांना सोडलं नाही. ते उशिरा आले की नजर वर न करता मी फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी दोन गणितं लिहून ठेवायचे, आणि ती सोडवल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायचे नाही. एकदा ते चिडले, "मॅडम, दहाला ड्युटी आहे!" मी म्हटलं, "मग पावणेसातला या." दुसऱ्या दिवशी पावणेसातला आले. ऑक्टोबरला पास झाले. पण रुग्णालयातली जागा जूनमध्येच भरून गेली होती. ते ठेकेदाराचेच राहिले. पेढे आणले होते. तो पेढा मी खाल्ला, गोड लागला असं म्हणणार नाही.

हे सगळं होत असताना मला सारखे आपले गणिताचे सर आठवायचे. आज ते समोर बसलेत, त्यांना कदाचित आठवत नसेल. सर धुळ्याहून एसटीने यायचे, आणि घंटेच्या आधी दारात असायचे. आपण नववीत असताना एकदा सोनगीरजवळ एसटी बंद पडली. सर वीस मिनिटं उशिरा आले, घामाघूम. आपण चाळीस पोरं दंगा करत होतो. आता सर कुणाला तरी बडवणार म्हणून गप्प झालो. सर टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज मला उशीर झाला. तुमची वीस मिनिटं माझ्याकडे बाकी आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर देईन." आपण हसलो होतो. शाळा सुटल्यावर गणित कुणाला हवं होतं? पण शनिवारी सर खरंच थांबले, आणि निम्मा वर्ग थांबला. मीही थांबले, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, जून १९९८ च्या पहिल्या तासाला, मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘तुम्ही’, उजवीकडे ‘मी’. म्हटलं, आधी माझं लिहा. मी पावणेसातला सुरू करणार, एकजण असला तरी. वह्या दुसऱ्या दिवशी तपासून परत. येत नसेल ते सांगणार, थापा मारणार नाही. कुणालाही दाराबाहेर उभं करणार नाही. सगळ्यांना ‘तुम्ही’, सोळा वर्षांच्यालाही. काका, मावशी, भाऊ कुणी नाही. ज्याला ज्या नावाने हाक मारलेली आवडेल त्याने ते नाव सांगायचं. मग डावी बाजू. उशीर झाला तर कारण सांगत बसायचं नाही, गुपचूप आत येऊन बसायचं, पण त्या दिवशीची दोन गणितं करूनच घरी जायचं. तीन दिवस यायचं नसेल तर कुणाबरोबर तरी निरोप. आणि माझ्याकडून वह्या वेळेवर आल्या नाहीत तर त्या दिवशी गृहपाठ माफ.

हे शेवटचं मी जोशात लिहून गेले. दीड महिन्याने घरी पाहुणे होते, वह्या राहिल्या. वर्गात गेले, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने फळा पुसायला लागले. डबेवाला मागून शांतपणे म्हणाला, "मॅडम, आज गृहपाठ नाही." वर्ग श्वास रोखून बसलेला. एक क्षण मनात आलं, बघा कसे वागतात हे. मग मी उजवीकडच्या ‘मी’ खाली एक फुली मारली आणि म्हटलं, "नाही. आज गृहपाठ नाही." टाळ्या वाजल्या. त्यानंतरच्या आठवड्यात मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही.

मोठ्या माणसांचा वर्ग वचकाने बसत नाही, कारण त्यांना तुमची भीती नसते. भीती वाटण्यासारखी पुष्कळ माणसं त्यांच्या आयुष्यात दिवसभर असतात : मुकादम, मालकीण, ठेकेदार, सावकार. तुम्ही त्यांच्यातले आणखी एक झालात तर ते फार सहज सोडून जातील. लहान मूल शाळा सोडून जाऊ शकत नाही, मोठा माणूस जाऊ शकतो. हा सगळा फरक यातून येतो.

आणि त्यांना काही येत नाही असं समजून चालूच नका. सरळव्याजाचा धडा होता. मी फळ्यावर लिहिलं द.सा.द.शे. ५. आपण सगळ्यांनी ही अक्षरं पाठ केलेली आहेत. दर साल दर शेकडा. पोळ्या करणाऱ्या ताई, तेव्हा त्या विज्ञानासाठी दुसऱ्या वर्षाला बसलेल्या, म्हणाल्या, "मॅडम, हे चूक आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला." मी म्हटलं, नाही, वर्षाला. टॅक्सीवाला म्हणाला, "कुठल्या बँकेत? आमच्याकडे महिन्यालाच." सगळा वर्ग त्यांच्या बाजूने. मी पुस्तक दाखवलं. त्यांनी पुस्तकाकडे असं पाहिलं, जसं आपण हवामानाच्या अंदाजाकडे पाहतो.

तेव्हा मला आठवलं, आपल्याकडेही हेच चालायचं. खत-बियाण्याला पैसे घेतले की ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला तीन. माझ्या बाबांनी घेतले होते, आणि मी घरात ऐकलं होतं. ते ज्ञान मी शाळेच्या दाराबाहेर ठेवून पुस्तकातलं घेऊन बसले होते. म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. आपण दोन्ही करू." शेकडा पाच महिन्याला म्हणजे वर्षाला साठ. ताईंनी वही पुढे ओढली. त्यांनी मुलीच्या आजारपणात चार हजार घेतले होते. महिन्याला दोनशे व्याज. अडीच वर्षं झाली होती. दोनशे गुणिले तीस. त्यांनी स्वतः केलं. सहा हजार. आणि मुद्दल चार हजार तसंच. त्यांनी तो आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिला, गणित चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं.

वर्गात पंखा फिरत होता तेवढा आवाज. मग टॅक्सीवाल्याने त्याच्या गाडीच्या कर्जाचं मांडायला सुरुवात केली. त्या दिवशी साडेनऊची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. शिपाईदादा किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे. ताईंनी पुढे भिशीच्या पैशांतून ते मुद्दल फेडलं. माझं एवढंच काम की मी ‘तुमचं बरोबर आहे’ म्हटलं आणि मग बोट धरून पुढे नेलं. तुमच्यापैकी जो एमआयडीसीत शिकवतो, त्याला सांगते : मशीनचा आवाज बदलला की काय बिघडलंय ते जुन्या कामगाराला तुझ्या आधी कळतं. आधी त्याला विचार. पण सुरक्षेचा चष्मा घातला नाही तर वय बघू नकोस, बाहेर काढ. तिथे ‘असू दे काका’ म्हणालास तर डोळा जाईल.

मोठ्यांना शिकवणं हे आपल्याकडे काही नवीन नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. आणि आपल्या खानदेशातला एक मोठ्यांचा वर्ग तर सगळ्या देशाला माहीत आहे, फक्त आपण त्याला वर्ग म्हणत नाही. धुळ्याचा तुरुंग, १९३२. विनोबा छत्तीस वर्षांचे. समोर कैदी. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनला अठरावा संपवला. कॅलेंडर काढून मोजा, बरोबर अठरा रविवार. अठरा अध्याय, अठरा रविवार, एक खाडा नाही. आणि विद्यार्थ्यांत खाली बसून शब्द न् शब्द टिपून घेणारे कोण, तर साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिक्षक म्हणून गाजलेला माणूस तिथे विद्यार्थी होऊन बसला. ती वही नसती तर ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली नसती. मला त्या अठरा रविवारांचं फार अप्रूप वाटतं. कैद्यांपुढे बोलायचं तर एखादा रविवार सोडला असता तरी कोण विचारणार होतं? ते कुठे पळून जाणार होते?

अलीकडचं सांगते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर. शिकवणारी गावातलीच सून, आणि तिची सासूही त्याच वर्गात. विचार करा, घरी जिच्यापुढे पदर सावरायचा तिलाच वर्गात ‘पाढा म्हणा’ सांगायचं. आपल्या गावात कुणाला जमेल? पण गणवेश सगळ्यांना एक, वेळ सगळ्यांना एक, आणि वर्गात सासू-सून नाही. मला वाटतं त्या गुलाबी साडीचं हे काम असावं. ती नेसली की आजी सासू राहत नाही, विद्यार्थिनी होते. माझी फळ्यावरची रेघ आणि ती साडी एकाच जातीची.

मला सासूला शिकवायची वेळ आली नाही, पण आईला शिकवायची आली होती. बारावीच्या सुट्टीत, इथेच. मी पाटी घेऊन बसले तर ती म्हणाली, "तू काय शिकाडशी माले? तुले बोलाले मी शिकाडं." आणि चुलीकडे गेली. मी हसून सोडून दिलं. दोन-तीनदा आणखी म्हटलं असतं, रोज ठरावीक वेळी पाटी मांडून बसले असते, तर? ती गेली तेव्हा बँकेच्या पासबुकावर अंगठाच होता. रात्रशाळेत शेकडो जणांना पास केलं म्हणून माझे सत्कार झाले, त्या प्रत्येक वेळी तो अंगठा मला आठवला.

‘उल्लास’मध्ये काम करणाऱ्यांना म्हणून सांगते. १७ मार्च २०२४ ला, रविवारी, आपल्या राज्यभर पंधरा वर्षांवरच्या नवसाक्षरांची दीडशे गुणांची परीक्षा झाली. वाचन, लेखन, अंकज्ञान, पन्नास-पन्नास. मी आमच्या भागातल्या एका वर्गाला मदत करते. तिथे एक आजोबा आहेत, त्यांना नातू शिकवतो, सातवीतला. परीक्षेच्या आधी आजोबा मला म्हणाले, "बाई, या पोराला सांगा ना, जरा सांभाळून घे." मी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आजोबा, काल तुम्ही ‘क्ष’ दहा वेळा लिहून आणणार होता." आजोबांनी पिशवीतून वही काढली. आठ वेळाच लिहिला होता. नातवाने पेन्सिल पुढे केली, आणि आजोबांनी तिथेच मांडीवर वही ठेवून उरलेले दोन ‘क्ष’ काढले. मी मध्ये पडले नाही.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवतायत. मागच्या अंगणात खापरावरच्या पुरणपोळ्या चालू आहेत, वास इथवर येतोय, त्यामुळे माझा तुमच्यावरचा ताबा आता पाच मिनिटांचासुद्धा नाही. जेवणाआधी गणिताचे सर आपली हजेरी घेणार आहेत असं कळलं. पट त्यांनी जुनाच आणलाय. माझा नंबर एकतीस. तीसवाला अजून आलेला नाही, त्याची गाडी शिरपूरहून निघाली आहे म्हणे. सर, तो आला की त्याला आत घ्या, पण गणितं दोन द्या.